पहिली ५ फुटी खाऱ्या पाण्याची टाकी (ठाणे): अडीच लाखांत बसेल का?

घोडबंदर_५फूट

गोड्या पाण्याच्या टाक्यांचा अनुभव आहे, खाऱ्या पाण्याचा अजिबात नाही. ५ × २ × २ फुटांची टाकी करायची आहे. घर घोडबंदर रोडला, चौथा मजला. मासे धरून एकूण मर्यादा अडीच लाख.

कुर्ल्याला आणि क्रॉफर्ड मार्केटला चौकशी केली. टाकी २८ हजार आणि स्टँड २५ हजार, इथपर्यंत समजलं. त्यापुढे प्रत्येक दुकानात वेगळी यादी मिळते. एक म्हणतो चिलर (पाणी गार करणारं मशीन) हवाच, दुसरा म्हणतो पंखे लावा, भागतं. घरी पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे, तो चालेल का? समुद्राचं पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का? आणि एवढं वजन स्लॅबवर ठेवायचं म्हटलं की घरचे घाबरतात, त्यांना नेमकं काय सांगू?

सध्या फक्त मासे ठेवायचे आहेत. पोवळ्यांचं पुढे बघू.

---

सागरतळ

आधी आकडे. हे अंदाज आहेत, दुकानागणिक दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे होतील, पण कशाला किती वजन द्यायचं ते यावरून कळेल.

टाकी २८, स्टँड २५, खालचा सम्प (स्टँडमधली दुसरी टाकी, वरचं पाणी यात उतरतं) ८ आणि पाइप-व्हॉल्व्ह ६, म्हणजे काच आणि लोखंडाचे ६७ हजार. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत वर नेणारा) ९, दोन वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारे) १४, प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारा) २२, हे ४५ हजार. चिलर ४५ हजार. पाण्याचा विभाग (डीआय, म्हणजे उरलेले क्षार काढणाऱ्या रेझिनसकट आरओ, उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप, पहिलं मीठ, टेस्ट किट आणि खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर) ३० हजार. ४० किलो कोरडा सच्छिद्र दगड आणि ४० किलो अरॅगोनाइट वाळू मिळून २६. इन्व्हर्टर आणि वेगळं विजेचं पॅनल २६. दिवे १२, नवीन मासा आधी वेगळा ठेवायला क्वारंटाइनची छोटी टाकी ४. बेरीज २ लाख ५५ हजार, आणि यात अजून एकही मासा नाही.

म्हणजे तुम्ही ज्या दोन आकड्यांवर अंदाज बांधलात ते ५३ हजार एकूण खर्चाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतके आहेत. नवीन माणसाचा हिशोब इथेच चुकतो. टाकी समोर दिसते म्हणून तिच्यावर पैसे जातात आणि मग चिलर, स्किमर, आरओ यांच्यात काटछाट होते. मासे जगतात ते मात्र याच न दिसणाऱ्या वस्तूंवर.

टाकी ४ फुटी केली तर फार वाचेल असं समजू नका. काच, दगड, वाळू, मीठ यांत तीसेक हजार कमी होतील. चिलर, आरओ, टेस्ट किट, इन्व्हर्टर तेवढेच लागतात. जागा असेल तर ५ फुटीच करा. पाणी जितकं जास्त, तितका चुकीचा फटका हळू बसतो.

दर महिन्याचा खर्चही आत्ताच मांडा. सम्प धरून प्रत्यक्ष पाणी सुमारे ६०० लिटर. दर पंधरवड्याला १० टक्के बदललं तर महिन्याला १२० लिटर खारं पाणी, लिटरमागे ३७ ग्रॅम धरून साडेचार किलो मीठ, म्हणजे दीड-पावणेदोन हजार रुपये. वीज: पंप, वेव्हमेकर, स्किमर मिळून १०० वॅट २४ तास म्हणजे रोज २.४ युनिट, दिवे एक-दीड युनिट, उन्हाळ्यात चिलर ४ युनिट. महिन्याला सव्वादोनशे ते अडीचशे युनिट. घरचा वापर आधीच २०० च्या आसपास असेल तर महावितरणच्या ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये जाल, त्यामुळे ही जादा युनिटं महागाची पडतात. तीन ते साडेतीन हजार धरा. खाणं आणि डीआय रेझिन मिळून हजार. सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास. हा आकडा दर महिन्याला जड जाणार असेल तर टाकीच घेऊ नका, कारण पुढे मीठ वाचवण्यासाठी पाणी बदलणं लांबतं आणि तिथूनच नायट्रेट वाढायला लागतं.

---

काचकाम_डोंबिवली

वजनाचं आधी. ५ × २ × २ मध्ये काठाखाली पाच सेंमी सोडून पाणी सव्वापाचशे किलोच्या घरात, १२ मिमी काचेचे १०५ किलो, दगड-वाळू ८०, सम्प पाण्यासकट दीडशे, स्टँड ६० ते ७०. दगड-वाळूने बाजूला सारलेलं पाणी वजा केलं तरी ९०० किलो धरून चाला. हे सगळं दहा चौरस फुटांत येतं. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) मध्ये राहत्या खोल्यांसाठी धरलेला भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास आहे. तो पूर्ण खोलीभर पसरलेला भार आहे आणि स्लॅब एका ठिकाणचं ओझं आजूबाजूला वाटून घेते, म्हणून तेवढ्यावरून टाकी बसणारच नाही असा अर्थ काढू नका. पण टाकी मोकळ्या स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही. ज्या भिंतीखालून बीम जातो त्या भिंतीला लांब बाजू लावून ठेवा. गॅलरीत नको, ती बाहेर काढलेली कॅन्टिलिव्हर असते. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग असतं. ते घेऊन इंजिनियरला एकदा दाखवा आणि घरच्यांसमोर त्याचंच उत्तर ठेवा.

स्टँड ५० × ५० मिमी एमएस (साधं लोखंड) चौकोनी पाइपचा, २ मिमी जाडीचा, सहा पायांचा. वर इपॉक्सी प्रायमर आणि दोन हात रंग. नुसता ऑइलपेंट खाऱ्या पाण्यात वर्षभरात फुगतो आणि सांध्यांतून गंज गळायला लागतो. वर १८ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय, त्यावर १० मिमी थर्माकोल, मग टाकी. लेव्हल रिकाम्या स्टँडवर बघा आणि टाकी अर्धी भरल्यावर परत बघा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर पाणी काढून पायाखाली पट्टी द्या.

१२ मिमीला वर कडेने आणि मध्ये आडव्या पट्ट्या हव्यातच. पट्ट्या नको असतील तर १५ मिमी घ्या. तळाला टफन्ड काच वापरली असेल तर तिला नंतर भोक पाडता येत नाही, ती चुरा होते. सम्पच्या पाइपांसाठीची भोकं टाकी जोडण्याआधी पाडून घ्या आणि टँक निप्पल (भोकात बसवायचा पाइपचा जोड) हातात आल्यावर त्याच्या मापानेच पाडा. निप्पलचं रबर पाण्याच्या बाजूला येतं, तिथे सिलिकॉन लावायचं नाही. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं. बाथरूमसाठी विकतात त्यात बुरशीनाशक असतं.

आणखी एक. पाच फुटी टाकी बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये जात नाही. चार मजले जिन्याने चढवायला सहा माणसं लागतात, किंवा काच आणून घरातच जोडायची. घरात जोडली तर सिलिकॉनला किमान सात दिवस द्या, मग साध्या पाण्याने भरून तीन दिवस तशीच ठेवा.

आता सम्प. यात नीट लक्ष घाला. दिवाणखान्यात पाणी येतं ते बहुतेक वेळा इथूनच. सम्प साडेतीन × दीड × दीड फूट घेतला तर पोटात सुमारे २२५ लिटर मावतात. चालू असताना निम्मा भरा, म्हणजे ११० लिटरच्या आसपास. वीज गेली की रिटर्न पंप बंद पडतो आणि वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी सम्पकडे सांडतं त्या खाचेच्या) कडेपर्यंत खाली येतं. वर पाण्याची पातळी ३ सेंमी उतरली तर १५२ × ६१ × ३, म्हणजे २८ लिटर. पाइपमधलं धरून ३५. सम्पमध्ये आरामात मावतं.

पण रिटर्नचं नोझल पाण्याखाली १५ सेंमी असेल आणि पाइपला हवेचं भोक नसेल, तर नोझल उघडं पडेपर्यंत पाणी उलटं ओढलं जातं. १५ सेंमीचे होतात १३९ लिटर. सम्पमध्ये मोकळी जागा ११५. उरलेले चोवीस लिटर फरशीवर. उपाय म्हणजे पाण्याच्या पातळीच्या अर्धा-एक सेंमी खाली रिटर्न पाइपला ६ मिमीचं भोक. वीज गेली की आधी तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. या भोकावर शेवाळ चढतं, दर आठवड्याला दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, गोगलगाय किंवा वाळूचा एक कण अडकला तरी तो पूर्ण बसत नाही.

खाली येणारे पाइप दोन घ्या. एकावर गेट व्हॉल्व्ह लावून तो पूर्ण पाण्याने भरलेला चालवायचा, म्हणजे गडगड आवाज येत नाही. दुसरा दीड इंची, जरा उंच, मोकळा, आणीबाणीसाठी. मासे यायच्या आधी मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि दुसरा पाइप एकट्याने सगळं पाणी ओढतो का ते दहा मिनिटं उभं राहून बघा. व्हॉल्व्ह, क्लिप, नट सगळं प्लास्टिकचं. पितळी नळ एकही नको, त्यात तांबं असतं.

---

नाशिक_खारं

चिलर की पंखा, यावर दुकानदारांची उत्तरं वेगळी येतात कारण प्रत्येक जण आपापल्या गावचं सांगतो. पंखा पाण्याची वाफ करून थंड करतो. एक लिटर पाणी उडालं की ६०० लिटरचं तापमान साधारण एक अंशाने उतरतं. नाशिक-पुण्यात एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, वाफ भराभर होते, दोन पंख्यांत तीन अंश सहज मिळतात. ठाण्यात मे महिन्यात हवाच ओली. पंखा फिरतो, वाफ फारशी होत नाही, टाकी ३१ वर जाऊन बसते. त्या तापमानाला पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला लागतो जास्त. तुम्हाला चिलर हवाच.

६०० लिटरला पाव एचपी जाहिरातीत पुरतो. मेमध्ये मात्र तो दिवसरात्र थांबतच नाही. अर्धा एचपी घ्या, तो थांबून थांबून चालतो, टिकतो आणि वीजही फार जास्त खात नाही. हीटर ठाण्यात नाही घेतला तरी चालेल.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच हवा. चिलर त्यावर टाकू नका. वीज गेल्यावर पहिल्या काही तासांत प्रश्न गारव्याचा नसतो, प्राणवायूचा असतो, आणि त्याला पृष्ठभाग हलवणारे दोन वेव्हमेकर म्हणजे ३० वॅट पुरतात. टाकीच्या सगळ्या प्लगांना वेगळी लाइन आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबकळून मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली ठिबकतो. अर्थिंग खरोखर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

---

घोडबंदर_५फूट

सगळ्यांचे आभार. घरात १५० अँपिअर-तासाची बॅटरी आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर आधीच आहे, त्यावर दोन पंखे चालतात. म्हणजे २६ मधले इन्व्हर्टरचे २२ हजार सुटले का? आणि पाणी, मीठ, दगड यांचं कुणी सविस्तर सांगेल का? उन्हाळ्यात इथे बऱ्याचदा टँकरचं पाणी येतं.

---

सागरतळ

सुटले. १५० च्या बॅटरीतून प्रत्यक्षात हजार-अकराशे वॅट-तास मिळतात असं धरा. दोन पंखे १५० वॅट, टाकीचे ८० वॅट, साडेचार तास निघतील. त्याहून लांबलं तर रिटर्न पंपही काढा, वेव्हमेकर ठेवा. दिव्यांवरही आत्ता १२ हजार घालू नका. नुसत्या माशांना साधे पांढरे-निळे एलईडी पुरतात, ५ हजारांत होतील. २ लाख ५५ हजारांमधून २९ गेले, २ लाख २६ हजार. माशांना २४ हजार उरतात, पहिल्या वर्षाला पुरेसे आहेत.

पाणी. पिण्याच्या आरओतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३० ते ८० असतो, शिवाय बऱ्याच मशिनांत चवीसाठी खनिजं परत मिसळतात. आपल्याला शून्य हवा. त्यासाठी मेंब्रेननंतर डीआय रेझिनची नळी लागते. टँकरच्या पाण्याचा टीडीएस नळाच्या कितीतरी पट निघू शकतो, मग रेझिन आठवड्यांत संपतं. म्हणून टँकर आला त्या दिवशी पाणी बनवू नका. २०० लिटरचा फूड-ग्रेड ड्रम आधीच भरून ठेवा. टीडीएस मीटरवर २ दिसले की रेझिन बदला, ५ होईपर्यंत थांबू नका. सिलिकेट सगळ्यात आधी सुटतं आणि काचेवर तपकिरी थर येतो.

समुद्राचं पाणी आणू नका. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते. किनाऱ्यावरची वाळूही नको.

मीठ: पहिल्यांदा टाकीतच मिसळा, कारण आत अजून काही जिवंत नाही. आधी आरओ-डीआयचं पाणी, पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम बसून पांढरा गाळ होतो, तो परत विरघळत नाही. हिशोबाने २२ किलो लागतं, पण आधी २० घाला, एक दिवस फिरू द्या, मोजा आणि मग वाढवा. लक्ष्य क्षारता ३५ (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या तयार द्रावणावर जुळवा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला जुळवलेला मीटर ३५ ला दोन-तीन अंकांनी चुकीचं दाखवू शकतो आणि महिनोन्‌महिने ते लक्षात येत नाही.

रोज पाच-सहा लिटर पाणी उडेल. मीठ उडत नाही. म्हणून ऑटो टॉप-अपमध्ये कायम गोडं आरओ-डीआय पाणी, खारं कधीच नाही.

दगडाबद्दल नीट वाचा. कठीण पोवळी, काळी पोवळी, समुद्रघोडे, समुद्रकाकडी हे सगळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या संरक्षित यादीत आहे. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' म्हणजे बहुतेक पोवळ्याचाच सांगाडा. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. तो खडक तिथे तयार व्हायला पिढ्या गेलेल्या असतात. कृत्रिम किंवा खाणीतला कोरडा दगड घ्या आणि बिल घ्या. दगड आधी, थेट काचेच्या तळावर ठेवलेल्या पातळ प्लास्टिक जाळीवर, वाळू नंतर. वाळूवर दगड रचला तर मासे खालून उकरतात आणि ढीग काचेवर येतो.

माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू बसवायला मासा वापरू नका. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड ४ ग्रॅम, ६०० लिटरला साधारण २ पीपीएम अमोनिया होतो. कल्हईवाल्याचा नवसागर तोच पदार्थ आहे, पण शुद्धतेची खात्री नाही, तो नको. सोबत जिवाणूंची बाटली, तापमान २६ ते २७, दिवे बंद. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतो. ४ ग्रॅम टाकल्यावर २४ तासांत दोन्ही शून्य आले की टाकी तयार. चार ते सहा आठवडे. स्किमरचे पैसे तोपर्यंत थांबवता येतात, चिलरचे नाही.

---

काचकाम_डोंबिवली

स्किमर नंतर घ्यायचा असला तरी त्याची जागा आत्ताच ठरवा. बहुतेक सम्प-स्किमरना २० ते २२ सेंमी स्थिर पाणी लागतं. त्या कप्प्याची आडवी काच त्याच उंचीची ठेवा. पातळी २६ झाली तर फेस न येता पाणीच कपात भरतं. कप वर उचलून काढायला सम्पच्या वर ३० सेंमी मोकळे हवेत, स्टँडची आतली उंची त्यावरून ठरवा.

---

नाशिक_खारं

माशांच्या २४ हजारांबद्दल. टाकीत पैदास झालेली क्लाऊनफिशची जोडी मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथल्या केंद्रांत यांची पैदास करून दाखवली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेलाच मासा घ्यावा लागेल असं राहिलेलं नाही. असा मासा गोळी-खाणं पहिल्या दिवसापासून खातो. दुकानात कुठलाही मासा खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

क्रम महत्त्वाचा. आधी क्लाऊन, मग ब्लेनी, मग एखादा बुटका एंजल, आणि टँग सगळ्यात शेवटी, तोही एकच. टँग आधी सोडला तर पूर्ण पाच फूट त्याचे होतात आणि नंतर येणाऱ्याला तो शेपटीच्या काट्याने फाडतो. स्वस्त म्हणून डॅमसेल भरू नका. एकदा दगडात शिरले की बाहेर काढायला सगळी मांडणी मोडावी लागते.

प्रत्येक मासा ३० दिवस क्वारंटाइनमध्ये. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत गेला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांशिवाय ठेवायची पद्धत आहे. तांब्याचं औषध फक्त क्वारंटाइनमध्ये. मुख्य टाकीत टाकलं तर दगड-वाळू ते शोषतात आणि झिंगे-गोगलगायी मरतात.

---

घोडबंदर_५फूट

शेवटचं एक. चिलर स्टँडच्या आत, सम्पशेजारी बसतो. दरवाजे लावून तिथेच ठेवला तर?

---

नाशिक_खारं

नको. चिलर पाण्यातली उष्णता काढून मागून बाहेर टाकतो, शिवाय त्याची स्वतःची. बंद कपाटात तीच गरम हवा तो परत ओढतो, कॉइल तापते आणि मशीन थांबतच नाही. सम्पची दमट खारी हवा फिन्सना खाते ते वेगळं.

शेजारच्या कोरड्या गॅलरीत ठेवा, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा कोपऱ्यात, चारी बाजूंनी ३० सेंमी मोकळे सोडून. भिंतीतून दोन नळ्या, एका बाजूने तीन मीटरपेक्षा लांब नको. त्याला तासाला दीड-दोन हजार लिटरचा स्वतंत्र पंप द्या, रिटर्नच्या पंपातून फाटा काढू नका. दोन्ही नळ्यांवर एसीच्या पाइपला लावतात तो काळा फोम चढवा, नाहीतर ठाण्याच्या हवेत त्यांच्यावर पाणी सुटून भिंत ओली होते. २६ वर लावा, फरक १ अंशाचा ठेवा, आणि जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा काढा.